सतरा शेकेलांचं खरेदीखत

इ.स.पू. ५८७ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. तटाबाहेर हल्ल्यासाठी मातीचे चढ रचले जात होते, आत भाकरी दिवसेंदिवस दुर्मीळ होत होती. राजवाड्याला लागून पहारेकऱ्यांचं अंगण होतं. तिथे यिर्मया नावाचा एक कैदी बसलेला असे. वय साठीला टेकलेलं असावं. हे शहर पडणार, शरण जाल तर जीव वाचेल, असं तो चारचौघांत बोलत असे, आणि हाच त्याचा गुन्हा होता.

एके दिवशी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्या अंगणात आला. दोघांचं गाव अनाथोथ, यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. गावातलं माझं शेत तू विकत घे, अशी हनामेलनं गळ घातली. आपल्याकडे वाडवडिलांची जमीन काढायची वेळ आली की आधी भाऊबंदांना विचारतात, तसाच त्या समाजात नियम होता. जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगानं ती सोडवून घ्यायची. हक्क यिर्मयाचा होता, यात शंका नाही. पण अनाथोथचा सारा परिसर तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता. जे शेत नजरेला पडत नाही, ज्यात नांगर घालता येत नाही, ते विकत घ्यायला एका कैद्याला सांगितलं जात होतं. आणि हा सगळा मुलूख बाबेलच्या घशात जाणार, असं त्या कैद्यानंच चाळीस वर्षं सांगितलेलं होतं.

हे देवाचंच सांगणं आहे असं मानून यिर्मयानं शेत घेतलं. किंमत ठरली सतरा शेकेल चांदी. यहूदा देशात तेव्हा नाणी प्रचारात नव्हती, चांदी तराजूत तोलून देत. उत्खननात सापडलेल्या दगडी वजनांवरून एक शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरतात, म्हणजे एकूण चांदी भरली असेल दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. खरेदीखत लिहिलं गेलं, साक्षीदारांनी सह्या केल्या. त्याच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. अंगणात बसलेल्या सगळ्यांसमक्ष यिर्मयानं ते कागद आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिले आणि मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगितले. पुष्कळ दिवस टिकायला हवेत, हे त्यामागचं कारण होतं.

प्राचीन हिब्रू ग्रंथांत व्यवहाराचं इतकं तपशीलवार वर्णन क्वचितच आढळतं. दोन प्रतींची ही रीत पुढेही शेकडो वर्षं टिकली. १९६१ मध्ये यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबाथा नावाच्या ज्यू स्त्रीची कागदपत्रं सापडली. ती बहुतांश इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली आहेत. त्यांतल्या अनेकांतही एकाच पानावर मजकूर दोनदा लिहिलेला आहे. वरचा गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला, खालचा वाचायला मोकळा. खालच्यात कुणी खाडाखोड केली, तर न्यायाधीशासमोर दोरा सोडून वरचा बघायचा. यिर्मयाचं मडकं नेमकं कशासाठी होतं, ते या कागदांवरून कळतं. पुढे कधीतरी इथे पुन्हा न्यायासन असेल, हक्क विचारणारा कुणीतरी असेल आणि तो हक्क मानणारंही कुणीतरी असेल, हे गृहीत धरून तो पुरावा जपून ठेवला होता.

या माणसाचा मला सर्वांत मोठा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. कागद बारूखच्या हवाली केल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसला, आणि त्या प्रार्थनेत त्यानं परमेश्वरालाच प्रश्न केला. शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, मग मला शेत घ्यायला का सांगितलंस? आपण जे केलं त्याचा पुरता उलगडा त्यालाही झाला नव्हता. त्यानं चांदी आधी मोजली, शंका मागाहून विचारली.

हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीत न्यायनिवाडा आणि पुनरुभारणी हे दोन स्वर असतात, असं अभ्यासक सांगतात. पुष्कळदा ते अशा रीतीनं सांगितलं जातं, की आधी रागावून झालं, मग समजूत काढली. यिर्मयाचं आयुष्य बघितलं, तर हे दोन स्वर वेगळे काढताच येत नाहीत. त्याला इ.स.पू. ६२७ च्या सुमारास, अगदी तरुणपणी पाचारण झालं, तेव्हा त्याला सहा कामं नेमून दिली गेली. उपटणं, पाडणं, नाश करणं, उलथून टाकणं ही चार मोडण्याची, आणि बांधणं व लावणं ही दोन घडवण्याची. प्रमाण चारास दोन, आणि क्रमही ठरलेला. त्याच प्रसंगी त्याला बदामाची फांदी दिसली. हिब्रूत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागं राहून लक्ष ठेवणाऱ्याला ‘शोकेद’. देव आपल्या शब्दावर जागता पहारा ठेवून आहे, असा त्या दर्शनाचा अर्थ. त्या प्रदेशात हिवाळा सरताना सगळ्या झाडांच्या आधी बदाम फुलतो. म्हणजे कठोर निरोपाची सुरुवातच एका फुलणाऱ्या झाडापासून झाली होती. ही शब्दांची जवळीक भाषांतरात उतरत नाही आणि तिथेच पुष्कळ काही हरवतं.

तो याजकाच्या घरातला मुलगा. अनाथोथ हे याजकांचंच गाव. पण त्याचं बोलणं गावाला इतकं झोंबलं, की गावकऱ्यांनी त्याला ठार मारायचा कट केला. पुन्हा तोंड उघडलंस तर आमच्या हातून मरशील, अशी धमकी दिली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण सतरा शेकेल मोजून त्यानं जमीन घेतली ती याच गावातली.

यहूदाचा कर्तबगार राजा योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो इथे मिसरी सैन्याच्या हातून मारला गेला आणि देशाचे दिवस फिरले. त्याचा मुलगा यहोयाकीम मिसरच्या मेहेरबानीनं गादीवर बसला. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहिला. उपासनेला आलेल्या लोकांना त्यानं सांगितलं, की हे मंदिर आहे म्हणून तुम्ही सुरक्षित आहात हा भ्रम आहे. परक्याला, अनाथाला, विधवेला नाडायचं आणि इथे येऊन आपण तरलो म्हणायचं, हे चालणार नाही. शिलो इथलं जुनं पवित्र स्थान जसं उद्ध्वस्त झालं, तसंच याचंही होईल. याजकांनी त्याला तिथेच धरलं आणि देहदंड मागितला. तेव्हा काही वडीलधारी माणसं उठून उभी राहिली. शंभर वर्षांपूर्वी मीखा नावाच्या खेडुत संदेष्ट्यानंही सियोनची टेकडी शेतासारखी नांगरली जाईल असं सांगितलं होतं, याची त्यांनी आठवण दिली. तेव्हाच्या राजानं त्याला मारलं नव्हतं. तो देवाला शरण गेला होता. हा दाखला उपयोगी पडला. शाफानचा मुलगा अहीकाम यिर्मयाच्या पाठीशी राहिला म्हणून तो वाचला. असंच बोलणारा उरीया नावाचा दुसरा संदेष्टा वाचला नाही. तो मिसरला पळून गेला होता. राजानं माणसं पाठवून त्याला परत आणवलं आणि तलवारीनं मारलं.

शाफानचं हे घराणं ध्यानात ठेवावं. ते लेखनिकांचं, कारभाऱ्यांचं घर. इ.स.पू. ६०४ च्या आसपास यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती, म्हणून त्यानं आपली सारी वचनं बारूखकडून गुंडाळीवर लिहवून घेतली. बारूखनं ती लोकांना वाचून दाखवली, ती शाफानचा दुसरा मुलगा गमर्या याच्या दालनातून. बातमी राजाकडे गेली. थंडीचे दिवस, राजापुढे शेगडी पेटलेली. वाचणारा तीन-चार स्तंभ वाचून दाखवी, की राजा लेखनिकाच्या चाकूनं तेवढा भाग कापून आगीत टाकी. असं करत सगळी गुंडाळी जाळली. गमर्या आणि आणखी दोघांनी जाळू नका म्हणून विनवलं, पण राजानं ऐकलं नाही. यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, बारूखला बसवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी त्यात आणखी भर पडली.

पुढचा राजकीय भाग थोडक्यात सांगतो. यहोयाकीमनं बाबेलविरुद्ध बंड केलं आणि त्याचं फळ त्याच्या अठरा वर्षांच्या मुलाला भोगावं लागलं. हा मुलगा यहोयाखीन. तो तीन महिने गादीवर होता. इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये यरुशलेम शरण आलं. ही तारीख बाबेलच्या राजदप्तरातल्या मातीच्या पाटीवरही नोंदलेली आहे. राजा, सरदार, कारागीर यांना बाबेलला नेलं. त्यांच्याबरोबर याजक यहेज्केलही गेला. मागे सिद्कीया नावाला राजा राहिला.

आता यरुशलेमला दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं सांगणारे संदेष्टे भेटू लागले. हनन्या हा त्यांतला ठळक. बाबेलच्या जोखडाखाली मान द्यावी लागेल हे दाखवायला यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. हनन्यानं भर मंदिरात ते जू काढून मोडून टाकलं आणि बंदिवान दोन वर्षांच्या आत परततील असं जाहीर केलं. यिर्मयाचं पहिलं उत्तर होतं, की तसं व्हावं, देव तसं करो. आपलं भाकीत खोटं ठरावं असं त्याला मनापासून वाटत होतं. ते खोटं ठरणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. लाकडी जू मोडल्यानं आता लोखंडी येईल, असा निरोप घेऊन तो नंतर परत आला. हनन्याची आशा स्वस्त होती, कारण तीत कुणाला काही बदलावं लागत नव्हतं. यिर्मयानं बाबेलच्या बंदिवानांना पत्र पाठवलं, ते शाफानचाच आणखी एक मुलगा एलासा याच्या हाती. तिथे घरं बांधा, मळे लावा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या शहरात नेलं आहे त्याचं कल्याण मागा. परतणं होईल, पण सत्तर वर्षांनी. पत्र वाचणाऱ्या प्रौढ माणसाला याचा अर्थ तत्काळ कळला असणार, की परतणाऱ्यांत आपण नसू. बांधणं आणि लावणं ही त्याला नेमून दिलेली शेवटची दोन कामं त्यानं प्रथम सोपवली ती परमुलखातल्या पराभूतांवर.

सिद्कीयानं शेवटी बंड केलंच आणि वेढा पडला. या दीड वर्षातला एक प्रसंग मला शेताच्या खरेदीइतकाच महत्त्वाचा वाटतो. संकट दाराशी आलं तेव्हा राजा आणि सरदार यांना नियमशास्त्र आठवलं. कर्जापायी गुलाम झालेल्या हिब्रू स्त्रीपुरुषांना सातव्या वर्षी मोकळं करावं, असा तो जुना नियम होता. वासरू दुभागून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी शपथ घेतली आणि सगळे गुलाम सोडले. थोड्याच दिवसांत मिसरचं सैन्य मदतीला निघाल्याची बातमी आली आणि बाबेलच्या सैन्यानं वेढा तात्पुरता उठवला. शहरानं श्वास घेतला. आणि सोडलेले गुलाम मालकांनी पुन्हा धरून आणले. यिर्मयाचा संताप त्या वेळी अनावर झाला. तुम्ही त्यांची मुक्तता रद्द केलीत, तर आता मुक्तता तुमचीच होईल, तलवारीला, रोगराईला आणि उपासमारीला सामोरं जायला तुम्ही मोकळे व्हाल, असं त्यानं देवाच्या नावानं सुनावलं. संदेष्ट्यांचा न्यायनिवाडा कशावरून चालतो, हे इथे स्वच्छ दिसतं. यज्ञयाग, उपवास, मंदिर यांच्या आधी दाराशी राबणाऱ्या माणसाचा हिशेब मांडला जातो.

वेढा उठलेल्या त्याच दिवसांत यिर्मया वडिलोपार्जित वाटणीच्या कामासाठी गावाकडे निघाला होता. बन्यामीन वेशीवर त्याला फितूर म्हणून पकडलं, मारलं, कोठडीत घातलं. पुढे सरदारांनी त्याला पाणी आटलेल्या, चिखलानं भरलेल्या टाक्यात दोरांनी सोडलं. तिथून त्याला काढलं राजवाड्यातल्या एबद-मलेक या कूशी माणसानं. जुन्या चिंध्या खाली सोडून, त्या काखेत धर म्हणजे दोर काचणार नाही, असं त्यानं सांगितलं. पूर्ण शहरात इतकी माया दाखवणारा तो एक परदेशी निघाला.

त्या दिवसांची आणखी एक साक्ष यहूदातल्या लाखीश शहराच्या वेशीतल्या खोलीत मिळाली. १९३५ मध्ये जे. एल. स्टार्की यांना तिथे शाईनं लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. एका खापरीत एका चौकीवरचा माणूस वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या ग्रंथात तटबंदीची शहरं म्हणून शेवटी उरलेली दोन नावं नेमकी हीच आहेत, लाखीश आणि अजेका.

चौथ्या महिन्यात तटाला खिंडार पडलं. सिद्कीया रात्री पळाला आणि यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला इथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. पाचव्या महिन्यात, अव महिन्यात, मंदिर, राजवाडा आणि घरं पेटवून दिली. वर्ष ५८७ की ५८६, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आगीबद्दल वाद नाही. यिगाल शिलो यांच्या उत्खननात यरुशलेममधल्या दावीदनगराच्या उतारावर जळक्या घरांचा थर लागला. एका घरात १९८२ मध्ये पन्नासहून अधिक मृण्मुद्रा सापडल्या. दस्तऐवज बांधून दोऱ्यावर ओल्या मातीचा गोळा लावत आणि त्यावर शिक्का उठवत, त्या या मुद्रा. दस्तऐवज जळून गेले आणि त्याच आगीत माती भाजून पक्की झाली. त्यांतल्या एकीवर नाव आहे गमर्याहू, शाफानचा मुलगा. गुंडाळी जाळू नका म्हणून राजाला विनवणारा गमर्या तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

यिर्मयाच्या ग्रंथात बंदिवानांचे तीन आकडे दिले आहेत, ३,०२३, ८३२ आणि ७४५. बेरीज ४,६००. उरलेल्या गरिबांना द्राक्षमळे आणि शेतं वाटून दिली गेली आणि त्यांच्यावर अहीकामचा मुलगा, शाफानचा नातू, गदल्या याला कारभारी नेमलं. काही महिन्यांतच राजघराण्यातल्या इश्माएलनं त्याचा खून केला. घाबरलेले लोक मिसरला पळाले आणि नको म्हणणाऱ्या यिर्मयालाही त्यांनी बरोबर नेलं. त्याचा शेवटचा उल्लेख मिसरमधलाच आहे. अनाथोथच्या त्या शेतात त्याचा पाय कधी पडल्याची नोंद नाही.

अव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक आजही मंदिराच्या नाशाचा उपवास करतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. वालाचं बिरडं खाण्याच्या रीतीवरून ते नाव पडलं. बाबेलच्या आगीचा शोक अलिबागच्या परिसरात वालाच्या बिरड्याशी जोडला गेला, ही गोष्ट मराठी वाचकानं आपली म्हणून जपावी अशी आहे.

बाबेलमध्ये लोकांनी पत्रातला सल्ला पाळला. हे आता केवळ धर्मग्रंथावरून सांगावं लागत नाही. बाबेलच्या राजवाड्यात मिळालेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाट्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाट्यांत ‘अल-याहुदू’, म्हणजे यहूदाचं गाव, अशा नावाची वस्ती भेटते. तिथे यहूदी कुळं जमीन कसत होती, कर भरत होती, देणंघेणं लिहून ठेवत होती. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, म्हणजे विध्वंसानंतर अवघ्या पंधरा वर्षांची. कबार कालव्याच्या काठी यहेज्केलनं सुकलेल्या हाडांच्या खोऱ्याचं दर्शन सांगितलं. तेही आधी मंदिराचा नाश सांगून झाल्यावरच.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजानं बाबेल घेतलं. त्याचा मातीचा दंडगोलाकार लेख १८७९ मध्ये सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विस्थापित देवतांना त्यांच्या स्थानी परत पाठवल्याचं त्यात लिहिलं आहे. यरुशलेमचं नाव त्यात नाही, पण धोरण तेच. परत आलेल्यांनी मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण जल्लोष करत होते आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडत होते. जल्लोष कुठला आणि रडणं कुठलं, हे दुरून ओळखू येत नव्हतं, असं एज्राचा ग्रंथ नोंदवतो. मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पुरं झालं. विध्वंसापासून मोजलं, तर सत्तर वर्षांच्या जवळपास.

एज्राच्या त्याच ग्रंथात परतलेल्या लोकांची यादी आहे, कुळांची आणि गावांची. एकूण आकडा ४२,३६०. त्या यादीत यिर्मयाच्या गावाचंही नाव आहे. अनाथोथची माणसं, १२८.